कासव खाऊन नाही राहिलं? आधी पाण्यात थर्मामीटर टाका

डिसेंबर लागला की नागपुरात कासव पाळणाऱ्या घरांत तीच तक्रार सुरू होते, "कासव खाऊनच नाही राहिलं." दिवाळीपर्यंत पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) टाकले की पाणी उडवत येणारं हे कासव आता कोपऱ्यात डोळे मिटून पडलेलं असतं. मग कोणी म्हणतं आजारी आहे, कोणी म्हणतं अहो झोपलंय ते, थंडीत झोपतातच, होळीला उठेल बरोबर. यातलं झोपेचं वालं उत्तर जास्त डेंजर आहे.

घरात असतं ते बहुतेक लाल कानाचं स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. (आपल्या तळ्यांतलं देशी कासव घरात ठेवलं असेल तर विषय थंडीचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा आहे, वनविभागाला कळवा.) कासवाचं शरीर आपल्यासारखी स्वतःची उष्णता बनवत नाही, पाणी जेवढं गरम तेवढंच ते गरम. पाणी गार झालं की पचन, हृदयाचे ठोके, रोगाशी लढायची ताकद, सगळंच मंदावतं.

तिकडे त्याच्या मूळ गावी थंडी हळूहळू येते, कासव कित्येक दिवस आधीच खाणं सोडतं, आतडं रिकामं होतं आणि मग ते तळाशी जाऊन बसतं. पाणी महिनोन्महिने एकसारखं गार राहतं, शरीराचा खर्च इतका कमी होतो की कातडीतून पाण्यातला जो थोडा ऑक्सिजन मिळतो त्यावर बरंचसं भागतं, आणि गार पाण्यात ऑक्सिजन विरघळतोही जास्त. याचाच एक चुलतभाऊ, पेंटेड टर्टल, ३ अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन नसतानाही काही महिने काढू शकतो, तेव्हा शरीरात साचणारं लॅक्टिक आम्ल मारायला त्याच्या कवचातले क्षार कामी येतात. कवच म्हणजे नुसती ढाल नाही हो, अ‍ॅसिडिटीचं औषधही तेच.

आता आपलं नागपूर बघा. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ पर्यंत उतरला होता, पण तसं रोज होत नाही, नेहमीची थंडी म्हणजे रात्री १०-१२ आणि दुपारी चक्क २७-२८. बाल्कनीतल्या छोट्या टबात पाणी असतं किती, ते दुपारी तापतं, कासव जागं होतं, खातं, आणि रात्री तेच पाणी १४-१५ वर येतं नि दुपारचं खाणं पोटात तसंच पडून राहतं, सडतं, गॅस होतो. ना धड झोप ना धड जाग. प्रतिकारशक्ती बसलेली, जंतू मात्र मजेत, म्हणून याच दिवसांत निमोनिया होतो. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका बाजूला कलणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय नकोत, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

म्हणून माझं मत सरळ आहे, टबातल्या कासवाला इथे झोपवायच्या भानगडीत पडू नका, त्याला सारखं एका तापमानात ठेवा. अंगणात खोल, मोठं टाकं असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं पाणी एका रात्रीत गार होत नाही आणि तब्येतीनं ठणठणीत मोठं कासव तिथे निभावून नेतं. फक्त पाणी १८ च्या खाली जायला लागलं की खाणं कमी करा आणि १५ च्या खाली पूर्ण बंद.

टबासाठी थर्मोस्टॅटवाला (ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा) अ‍ॅक्वेरियम हीटर घ्या, पाणी २४ ते २६, पिल्लू असेल तर २६ ते २८. हीटरला जाळीचं कव्हर पाहिजेच, कासव काचेला धडका देतं. पाणी बदलताना आधी प्लग काढून थोडं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते. टब फरशीवर न ठेवता थर्माकोलवर ठेवा, वरून अर्धवट झाका, कारण पाणी कोमट आणि नाकात जाणारी हवा गारठलेली हेही चांगलं नाही, शिवाय रात्री लाईट गेली तर ऊब जरा टिकते. गिझरचं पाणी मात्र ओतू नका.

हीटर आहे म्हणून ऊन सोडायचं नाही. कवचाला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते बनतं उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, जे खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाहीत. थंडीतलं आपलं दुपारचं ऊन फुकटात मस्त आहे, कोरडं बसायला दगड किंवा वीट द्या, अर्धी सावली ठेवा, कावळे-मांजरांवर लक्ष ठेवा आणि ऊन उतरायच्या आत टब घरात घ्या. हाताळून झालं की साबणानं हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून टबही किचनच्या सिंकमध्ये धुवू नका.

आणि कासव आधीच गारठलेलं असेल तर हीटर एकदम २६ वर लावायचा नाही, रोज एक-दोन अंश वाढवत न्या. त्या दिवसांत खायला काही नको. पाणी २४ ला टिकलं आणि ते स्वतःहून फिरायला लागलं की दोन-चार पेलेट टाका, शी झाली की मग नेहमीचं खाणं.