ग्राफिक्स कार्डाचा वीजखप आणि उष्णता

गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि एआयच्या कामासाठी वापरली जाणारी वरच्या दर्जाची ग्राफिक्स कार्डं जी बेसुमार वीज ओढतात आणि तापतात, त्याबद्दलची ही नोंद. खप आणि ताप या दोन वेगळ्या तक्रारी धरल्या जातात पण त्या एकच आहेत, कारण कार्डात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ४५० वॅटचं कार्ड चार तास फुल लोडवर चाललं तर १.८ युनिट जातात.

हे नेमकं कधीपासून सुरू झालं यावर एकमत नाही. काहीजण एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या २००६ च्या ८८०० जीटीएक्सकडे बोट दाखवतात, कारण मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारे ७५ वॅट त्या कार्डाला पुरत नव्हते आणि वरून दोन ६ पिनच्या वायरी लागायच्या. बरेचजण २०१० चं जीटीएक्स ४८० धरतात, २५० वॅटचं, आणि ते तापायचं हे खरंच आहे. पण २०१७ च्या १०८० टीआयचा आकडासुद्धा २५० च होता, म्हणजे सात वर्षांत तो जागचा हलला नाही, त्यामुळे खरी उडी २०२० पासूनची मानणं जास्त पटतं: त्या वर्षी आरटीएक्स ३०९० ला ३५०, २०२२ मध्ये ४०९० ला ४५०, २०२५ मध्ये ५०९० ला ५७५ वॅट. मूळ कारण मात्र जुनं आहे. ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं आणि तेवढ्याच जागेतला खप वाढत नाही, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशोब साधारण २००५-०६ च्या सुमारास चालेनासा झाला. खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून शेवटच्या चार-पाच टक्के स्पीडसाठी व्होल्टेज चढवलं की वॅट भरमसाट जातात.

कार्डाला वीज देणाऱ्या वायरीच्या कनेक्टरचा वाद यातूनच आला. जुन्या ८ पिनच्या वायरीत १५० वॅट वीज आणणाऱ्या तीन पिनांत वाटले जायचे, म्हणजे पिनमागे ४ अँपियरच्या थोडं वर. नवीन १६ पिनच्या कनेक्टरमध्ये ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपियर, तेही वीज आणणाऱ्या सहाच पिनांत, पिनमागे ८ च्या वर, आणि पिनची क्षमता साधारण साडेनऊ. ऑक्टोबर २०२२ पासून हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत बसला नव्हता असं एनव्हीडियाचं म्हणणं, तर मुळात मार्जिनच कमी ठेवलंय असं दुसऱ्या बाजूचं. वरचा हिशोब बघता दुसरं म्हणणं जास्त वजनदार वाटतं, आणि २०२३ च्या सुधारित कनेक्टरमध्ये सेन्स पिन (प्लग नीट जोडलाय का हे कार्डाला कळवणाऱ्या छोट्या पिन) आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या प्लगमधून कार्डाला वीज ओढताच येऊ नये.

बेळगाव सीमाभागात यात हवेची भर पडते. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे रात्री गार, पण अथणी-रायबागकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी स्लॅबच्या खोलीत बसवत नाही, आणि खोली दहा डिग्रीने तापली की फॅन त्याच वेगाने फिरत असेल तर कार्डही जवळपास तेवढंच चढतं. खानापूरकडे तांबड्या मातीची धूळ. साईड पॅनल काढून बघितलं तर हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसलेला दिसतो, तो ब्लोअरने उडवताना फॅन बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो उलटा गरगर फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. घरचा इन्व्हर्टर लाईट-पंख्यापुरता असतो, असं कार्ड असलेला पीसी त्यावर टिकत नाही, गेम चालू असताना लाईट गेली की सगळं धाडकन बंद.

उपाय म्हणून पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट ओढायचे ती मर्यादा, ७०-८० टक्क्यांवर आणतात. गेममध्ये फरक थोडक्या फ्रेम्सचाच पडतो आणि ४५० वॅटच्या कार्डाचे शंभरेक वॅट सहज वाचतात. फक्त हे सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्टार्टअपला लावून ठेवलेलं नसेल तर पीसी बंद पडून परत चालू झाला की लिमिट मूळ जागी जातं, त्यामुळे लाईट जाऊन आल्यावर एकदा बघून घ्यावं लागतं.