टर्नर, सर विल्यम

(७ जानेवारी १८३२ – १५ फेब्रुवारी १९१६). इंग्रज शारीरविज्ञ (शरीररचनेचे अभ्यासक), एडिंबरो विद्यापीठातील शारीर विषयाचे प्राध्यापक (१८६७–१९०३) आणि नंतर त्याच विद्यापीठाचे प्रिन्सिपल (१९०३–१६). तिथले प्रिन्सिपल म्हणजे आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य नव्हेत. आपल्याकडे कुलगुरू जे काम पाहतात, साधारण तेच त्यांचे काम. या स्कॉटिश विद्यापीठाच्या प्रमुखपदी आलेले टर्नर हे पहिले इंग्रज.

त्यांचा जन्म उत्तर इंग्लंडमधील लँकेस्टर येथे एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वडील लवकर वारले. गावातल्या शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी करून ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकायला गेले. तिथले शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी त्यांची तयारी पारखली आणि त्यांच्या शिफारशीवरून १८५४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टर्नर एडिंबरोला प्राध्यापक जॉन गुडसर यांच्या हाताखाली विच्छेदन शिकवू लागले. १८६७ मध्ये गुडसर वारल्यावर ती खुर्ची टर्नर यांच्याकडे आली आणि पुढची ३६ वर्षे त्यांच्याकडेच राहिली.

एडिंबरोत शारीर शिकवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा जणांचे जीव घेऊन प्रेते डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या विच्छेदनवर्गाला विकली होती. बर्कला फाशी झाली; त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या शारीर संग्रहालयात उभा आहे. या प्रकरणानंतर ज्या कायद्याने विच्छेदनासाठी बेवारस प्रेते मिळण्याची सोय केली, तो १८३२ चा, म्हणजे टर्नर यांच्या जन्मवर्षाचाच. त्या कायद्याचा भार गरिबांवरच पडला. आश्रयगृहात मेलेल्या, मागे कोणी नसलेल्या माणसांच्या देहांवर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. व्हिक्टोरियन शारीरविज्ञांचे मोठेपण सांगताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

टर्नर यांचे खरे बळ निरीक्षणात होते. १८६६ मध्ये त्यांनी मानवी मेंदूच्या वळ्यांचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. पार्श्वखंडावरून जाणाऱ्या एका खाचेला त्यांनी दिलेले ‘इंट्रापरायटल’ हे नाव आज मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या वारेची (गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाची) रचना ताडून पाहणारी त्यांची व्याख्याने १८७६ मध्ये पुस्तकरूपाने आली. माणसात उरलेल्या अवशिष्ट स्नायूंची माहिती त्यांनी चार्ल्स डार्विन यांना पुरवली आणि डार्विन यांनी मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्यांचा दाखला दिला. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या नवव्या आवृत्तीतील शारीरावरची नोंदही टर्नर यांचीच.

पण त्यांच्या कामाची रीत कळायला देवमाशाची हकीकत पुरेशी आहे. १८६९ च्या हिवाळ्यात एडिंबरोच्या पूर्वेला लाँगनिड्रीच्या किनाऱ्यावर सुमारे ७८ फूट लांबीची निळ्या देवमाशाची मादी येऊन पडली. एका तेलाच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली आणि खाडीपलीकडे कर्कॉडीला ओढून नेली. तिथे चरबी उतरवण्याचे काम चालू असतानाच टर्नर यांनी मोजमापे घेतली आणि आतले अवयव पाहून घेतले. एवढ्या मोठ्या प्राण्याचे मऊ भाग कुजण्याआधी शास्त्रज्ञाच्या हाती लागणे दुर्मीळच. त्यांनी ती संधी सोडली नाही आणि पुढच्याच वर्षी सविस्तर वर्णन छापले. सांगाडा पुढे एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. समुद्री सस्तन प्राण्यांचा नाद मात्र सुटला नाही: समुद्रसंशोधनासाठी निघालेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाच्या जगप्रवासातून (१८७२–७६) आलेल्या देवमासे, सील आणि माणसांच्या हाडांवरचे अहवाल त्यांनी लिहिले, आणि १९१२ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, विद्यापीठाच्या संग्रहातील समुद्री सस्तनांची सूची प्रसिद्ध केली.

टीव्हिअट प्लेस येथील नव्या वैद्यकीय इमारतीत (वास्तुविशारद रॉबर्ट रोवँड अँडरसन) १८८० च्या सुमारास शारीर विभागाला उंच उतरत्या बाकांचे व्याख्यानगृह आणि मोठे संग्रहालय मिळाले. संग्रहालयाच्या दाराशी हत्तीचे सांगाडे अजून आहेत.

याच संग्रहात कवट्यांची खोली होती, आणि टर्नर यांच्या कार्याचा सर्वांत अवघड भाग तिथे आहे. साम्राज्यभर पसरलेले डॉक्टर आणि अधिकारी, त्यांत एडिंबरोत शिकलेलेही पुष्कळ, रणभूमीवरून, तुरुंगांतून, थडग्यांतून कवट्या पाठवत. टर्नर त्यांत बारीक छर्रे भरून आतली जागा मोजत, लांबी-रुंदीची प्रमाणे काढत. हिंदुस्थानातील लोकांच्या कवट्यांवर १८९९ ते १९१३ या काळात त्यांनी लेखमाला लिहिली. ईशान्य सीमेवरील डोंगरी जमाती, छोटा नागपूर आणि मध्य प्रांतातील आदिवासी, मद्रास इलाख्यातील लोक, ठग म्हणून फाशी दिलेले कैदी आणि शेवटच्या भागात भिल्ल, अशी तिची व्याप्ती आहे. मोजमापे काटेकोर आहेत. पण त्यांच्यामागची कल्पना, कवटीच्या आकारावरून माणसांचे वंश लावता येतात ही, चुकीची होती. ज्यांची डोकी मोजली त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. इतका दक्ष माणूस हा प्रश्न न विचारता आयुष्यभर मोजत राहिला, याचे वाईट वाटते.

स्त्रियांच्या बाबतीतही त्यांच्या काळातले विद्यापीठ कोते ठरले. तिथे वैद्यक शिकायला आलेल्या सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी विद्यार्थिनींना शारीराचे धडे विद्यापीठाबाहेरच्या वर्गात घ्यावे लागले. नोव्हेंबर १८७० मध्ये त्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेच्या सर्जन्स हॉल या इमारतीत परीक्षेला गेल्या, तेव्हा जमावाने त्यांची वाट अडवून चिखल फेकला.

प्रशासनात टर्नर यांचा वकूब सर्वमान्य होता. १८८६ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदणी पाहणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचे ते १८९८ ते १९०४ अध्यक्ष होते आणि १९०० मध्ये विज्ञानाच्या प्रगतीसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश असोसिएशनचेही. १९०३ मध्ये प्रिन्सिपलपद त्यांनी सर विल्यम म्यूर यांच्याकडून घेतले. अलाहाबादचे म्यूर कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे म्यूर. टर्नर पदावर असतानाच, पहिले महायुद्ध चालू असताना, ८४ व्या वर्षी एडिंबरो येथे वारले. त्यांचे चरित्र १९१९ मध्ये मुलगा आर्थर लोगन टर्नर यांनी लिहिले.

कवट्यांच्या खोलीत आजही सुमारे १,५०० कवट्या आहेत. टर्नर यांनी श्रीलंकेतील वेद्दा या आदिवासी लोकांच्याही कवट्या मोजल्या होत्या. २०१९ मध्ये विद्यापीठाने वेद्दांच्या नऊ कवट्या परत केल्या. त्या न्यायला वेद्दांचे प्रमुख स्वतः एडिंबरोला आले होते.