संवादप्रसंगांसाठीचे होमब्रू मोहिनी-स्पेल

होमब्रू मोहिनी-स्पेल म्हणजे कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळात डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) किंवा खेळाडूने स्वतः रचलेला, समोरच्या पात्राच्या मनावर चालणारा आणि लढाईपेक्षा बोलाचालीच्या प्रसंगासाठी असलेला स्पेल (जादूचा मंत्र). पहारेकऱ्याला वाट सोडायला लावणे, दरबारात बोलायची संधी मिळवणे, रागावलेल्या सावकाराला खाली बसवणे अशा कामांसाठी तो वापरतात. या नोंदीतले आकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांवर बेतलेले आहेत. 2024 च्या सुधारित नियमांत पात्राच्या वृत्तीचा हिशेब निराळा असल्याने हे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

पार्श्वभूमी

हा खेळ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्यातली जादू आठ शाखांत विभागली जाते आणि मनावर ताबा मिळवणारी शाखा म्हणजे एन्चांटमेंट. जानेवारी 2023 मध्ये पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे मूळ श्रेय देऊन त्यातल्या स्पेलवरून नवे रचणे, ते मराठीत लिहिणे आणि वाटणे कायदेशीर झाले.

मराठी खेळाडूंना या शाखेसाठी शब्द शोधावे लागत नाहीत. तांत्रिक परंपरेतल्या षट्कर्मांची यादी (शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण) जवळजवळ तयार अनुक्रमणिकाच आहे. अधिकृत स्पेलमध्ये वश्य आणि स्तंभन भरपूर सापडते. दोघांत वितुष्ट आणणारे विद्वेषण मात्र जवळपास नाही, म्हणून होमब्रूला तिथे खरी जागा आहे.

पुण्यात खेळणाऱ्यांना उत्तर पेशवाईतले शहर हे सोयीचे नेपथ्य ठरते. पेठा, वाडे, दफ्तरातले कारकून, देवडीवरचे हुजरे आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला पकडून नेणारी कोतवाली: एवढ्यावर कित्येक सेशन (खेळाच्या बैठका) निघतात. शिवाय या शहरात तलवारीपेक्षा परवाना, शिक्का आणि ओळख यांनी कामे होतात, म्हणजे सामाजिक स्पेलची कसोटी इथेच लागते.

मुळात किती ताकद पुरे

नवा स्पेल लिहिण्याआधी पहिल्या पातळीचा चार्म पर्सन हा अधिकृत स्पेल काय करतो हे आकड्यांत पाहावे, कारण तोच छत आहे. डीएमच्या मार्गदर्शिकेत समोरच्या पात्राच्या तीन वृत्ती आहेत: मित्र, तटस्थ, वैरी. तटस्थ माणसाने थोडा धोका पत्करून काम करावे यासाठी डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) 20 लागतो. मित्राकडून तेवढेच काम डीसी 10 ला होते. बोलण्याचे कौशल्य +5 असलेल्या पात्राला डीसी 20 साठी वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा जास्त हवे, म्हणजे शक्यता 30 टक्के. चार्म लागल्यावर समोरचा मित्रासारखा वागतो, तेव्हा 5 पुरते: 80 टक्के. त्यावर ‘चार्म्ड’ अवस्थेचा ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे) धरला की 96 टक्के. सर्वांत खालच्या पातळीचा एक स्लॉट (स्पेल टाकण्याची एक संधी) 30 चे 96 करतो, तोही तासभर आणि कॉन्सन्ट्रेशनशिवाय (स्पेल टिकवायला सतत लक्ष धरून न ठेवता).

त्याची किंमत नंतर मोजावी लागते. स्पेल उतरला की त्या माणसाला आपल्यावर मोहिनी घातली होती हे कळते. होमब्रू करणारे बहुतेक जण नेमकी हीच अट काढून टाकतात आणि बाकी सगळे तसेच ठेवतात. तो स्पेल मग कोणत्याही टेबलावर दर सेशनला वापरला जातो.

चांगला सामाजिक स्पेल बोलण्याच्या अटी बदलतो, निकाल लावत नाही. स्पेल लागल्यानंतरही खेळाडूला काहीतरी बोलावे लागते का, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘नाही’ असेल तर तो स्पेल कुलूप उघडण्याच्या स्पेलचाच भाऊ आहे आणि समोरचा माणूस म्हणजे दार. तसा हवा असेल तर पातळी 5 किंवा त्याहून वर ठेवावी, जिथे माणसावर पुरता ताबा मिळवणारा डॉमिनेट पर्सन आहे.

सेव्ह, मुदत आणि खुणा

समोरच्याने स्पेल टाळण्यासाठी टाकायचा फासा म्हणजे सेव्ह. त्यासाठी स्पेलचा डीसी 8 अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा आकडा) अधिक गुणाचा (क्षमतेचा) मॉडिफायर. पात्राच्या पहिल्या लेव्हलला साधारण 13, नवव्या लेव्हलला गुण 20 असेल तर 17. साध्या शिपायाचा विस्डम (शहाणपण) सेव्ह +0 असतो: 13 समोर तो 60 टक्के वेळा फसतो, 17 समोर 80 टक्के. सरदाराचा +2 धरला तर हेच आकडे 50 आणि 70. म्हणजे खालच्या लेव्हलला समतोल वाटलेला स्पेल नवव्या लेव्हलला कारकून-शिपायांवर बिनचूक चालतो. ते चालू द्यावे. मोठ्या माणसांवर अटी लावून तोल सांभाळावा. डीसीमध्ये ढवळाढवळ करू नये.

‘दर फेरीला पुन्हा सेव्ह’ ही अट लढाईच्या स्पेलमधून उचलली जाते आणि संवादाच्या स्पेलचा जीव घेते. एका मिनिटात दहा फेऱ्या असतात. दर वेळी फसण्याची शक्यता 60 टक्के असेल तर दहाही फेऱ्या स्पेल टिकण्याची शक्यता एका टक्क्याहूनही कमी. मिनिटाला एक सेव्ह दिला तरी तीन मिनिटे टिकणे सुमारे 22 टक्के. म्हणून पुन्हा सेव्ह घड्याळाला न बांधता प्रसंगाला बांधावा: पैसे मागितले, मालकाविरुद्ध काही सांगितले, घरातल्या माणसाचा विषय काढला, की नवा सेव्ह. यामुळे खेळाडू काय मागायचे याचा विचार करतो, आणि स्पेलचा उद्देश तोच असतो.

मुदत ठरवताना दोनच आकडे उपयोगी पडतात, दहा मिनिटे आणि एक तास. एक मिनिट बोलण्याला अपुरा. आठ तास हवे असतील तर कॉन्सन्ट्रेशन असलेच पाहिजे. सूचना गळी उतरवणाऱ्या सजेशन या स्पेलमध्ये ते आहे.

उच्चार आणि हातवारे यांकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. स्पेल टाकणे दिसते आणि ऐकू येते. देवडीवर एकटा शिपाई असेल तर फरक पडत नाही, पण भरल्या दरबारात वीस माणसांसमोर मंत्र पुटपुटणारा पाहुणा हा गुन्हेगारच. नव्या स्पेलला उच्चार-हातवारे दोन्ही नाहीत असे लिहिले तर सॉर्सररला (जादूगारांच्या एका वर्गाला) सॉर्सरी पॉइंट खर्चून मिळणारी सटल स्पेल ही सवलत सगळ्यांना फुकट वाटल्यासारखे होते. तसे करायचेच असेल तर पातळी एकाने वाढवावी.

नमुना: मानपान

पातळी 1, एन्चांटमेंट. एक ॲक्शन. अंतर 30 फूट. उच्चार आणि साहित्य (विड्याचे पान व सुपारी, उघड्या हातावर). कॉन्सन्ट्रेशन, 10 मिनिटांपर्यंत.

तुमचे बोलणे ऐकणारा आणि समजणारा एक मानव-सदृश जीव विस्डम सेव्ह करतो. फसल्यास तो चार्म्ड होतो आणि तुम्हाला आपल्या जागी आलेला पाहुणा मानतो: हाकलत नाही, बोलणे मध्येच तोडत नाही, तुम्ही बसून बोलत असेपर्यंत शिपाई बोलावत नाही. चार्म्ड अवस्थेतला बोलण्याचा ॲडव्हांटेज या स्पेलमध्ये मिळत नाही. तुम्ही किंवा तुमच्या सोबत्यांनी यजमानाचा अपमान केला, न विचारता वस्तूला हात लावला किंवा इजा केली की स्पेल तत्काळ संपतो आणि त्याला फसवणूक कळते. अन्यथा स्पेल उतरल्यावर त्याला काही कळत नाही.

यातले प्रत्येक वाक्य एका फटीसाठी आहे. ‘चार्म्ड होतो’ हे शब्द वगळले तर एल्फ पात्रांना मोहिनीविरुद्ध मिळणारा ॲडव्हांटेज लागू होत नाही. डीसी 13 समोर +0 चा एल्फ शिपाई त्या सवलतीने 64 टक्के वेळा वाचतो, तिच्याशिवाय 40. उलट ते शब्द ठेवले की नियमाने ॲडव्हांटेज आपोआप येतो, म्हणून तो स्पष्ट शब्दांत नाकारावा लागतो. साहित्य उघड्या हातावर असल्याने चौकस माणसाला शंका येऊ शकते. ‘बसून’ हा शब्द काढला की खेळाडू बोलत बोलत वाडाभर फिरतो. हे हमखास होते.

चार्म पर्सनशी तुलना केली तर मानपान ॲडव्हांटेज, पन्नास मिनिटे आणि कॉन्सन्ट्रेशनची मोकळीक गमावतो. बदल्यात नीट वागल्यास मागे वैर राहत नाही. पातळी 1 ला हा सौदा बरोबर बसतो. यजमान एकाऐवजी तीन केले तर पातळी 2.

विद्वेषाचे स्पेल

दोन माणसांत शंका पेरणारा स्पेल पातळी 2 ला ठेवता येतो: 60 फुटांतले, परस्परांना ओळखणारे दोघे, एकाने विस्डम सेव्ह करायचा, फसल्यास 10 मिनिटे दुसऱ्याची प्रत्येक सूचना त्याला खोचक वाटते आणि त्याच्या म्हणण्याला तो दुजोरा देत नाही. कॉन्सन्ट्रेशन आवश्यक. हा स्पेल हटकून लढाईत नेला जातो आणि दोन राक्षसांना एकमेकांवर सोडण्याची मागणी होते. म्हणून ‘इनिशिएटिव्ह रोल होताच (लढाई सुरू होताच) स्पेल संपतो’ हे वाक्य अटींच्या शेवटी नको, पहिल्या ओळीत लिहावे. सख्खे भाऊ, नवरा-बायको, गुरू-शिष्य यांना सेव्हवर ॲडव्हांटेज दिला तर डीएमच्या हातात नात्यांचा नकाशा राहतो. (भाऊबंदकीचा दावा चालू असलेल्या भावांना ॲडव्हांटेज द्यावा का, यावर पुण्यात एकमत होणे कठीण.)

मराठीत खेळताना

नियम इंग्रजीत आणि बोलणे मराठीत असेल तर काही मर्यादा गळून पडतात. सजेशनमध्ये सूचना एक-दोन वाक्यांची असावी लागते. मराठीत ‘दार उघडून, किल्ली माझ्याकडे देऊन, दिवा मालवून, घरी जाऊन झोप’ हे एकच वाक्य आहे आणि त्यात पाच कामे बसली. त्यामुळे होमब्रू सूचनेला वाक्यांची नव्हे, कृतींची मर्यादा घालावी: पातळी 2 ला एक मुख्य कृती आणि तिच्यासाठी अपरिहार्य असलेली एक. कमांडसारख्या एका शब्दाच्या स्पेलला साधे आज्ञार्थी रूप पुरे: थांब, बस, पळ, टाक.

मोहिनी लागल्याचे डीएमला घोषणा न करता दाखवता येते. ‘आपण कोण?’ विचारणारा कारकून ‘अरे, बस की’ म्हणू लागला की टेबल समजून जाते. मानपानमध्ये याच्या उलट, ‘अरे-तुरे’ करणारा ‘या, बसा’वर येतो.

सत्य आणि गर्दी

खरे बोलायला लावणारा स्पेल रहस्यकथेला घातक. झोन ऑफ ट्रुथ खोटे बोलण्यावर बंदी घालतो, उत्तराची सक्ती करत नाही, आणि आतल्या माणसाला स्पेलची जाणीव असते. नव्या स्पेलने या तिन्हींपैकी एकही मर्यादा हलवली तर पातळी किमान 4 करावी.

मंडईतल्या गर्दीवरच्या स्पेलसाठी चाळीस सेव्ह टाकत बसू नये. फसण्याची शक्यता 60 टक्के असेल तर चाळीसांतले चोवीस फसले असे धरावे. म्होरक्याचा सेव्ह तेवढा टाकावा. न फसलेल्या सोळा जणांनी मंत्र ऐकलेला असतो, आणि पुढचा प्रसंग त्यांचा.

चाचणी

नवा स्पेल कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या सलग खेळात) घेण्याआधी तीन छोटे प्रसंग खेळून पाहतात: एकटा कनिष्ठ माणूस, साक्षीदारांसमोर बसलेला वजनदार माणूस, आणि आधीच चिडलेला माणूस. प्रत्येक प्रसंग एकदा स्पेलशिवाय, एकदा स्पेलसह. तिन्हींत स्पेल हाच उघड पर्याय ठरला तर पातळी वाढवावी. तिन्हींत कोणी हात लावला नाही तर बहुधा मुदत किंवा अंतर कमी पडते, परिणाम नव्हे. मजकूर 3 बाय 5 इंचांच्या कार्डावर हाताने लिहून मावला पाहिजे. अप्पा बळवंत चौकात असे जाड कार्डपेपर सहज मिळतात. मावत नसेल तर त्यात दोन स्पेल दडलेले आहेत.

खेळाडूंवर आणि प्रेमात

सहखेळाडूच्या पात्रावर मोहिनी चालेल का, हे सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) ठरवतात. बहुतेक टेबले ‘त्या खेळाडूने हो म्हटले तरच’ ही अट ठेवतात, आणि तो ‘हो’ दर वेळी नव्याने विचारला जातो. प्रेम किंवा शारीरिक आकर्षण जबरदस्तीने निर्माण करणारा स्पेल लिहूच नये. संमती नसलेल्या प्रसंगाला तो नियमाचे बळ देतो. नकळत कुठे विषय तिकडे वळलाच तर जॉन स्टॅव्रोपोलस यांचे एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यभागी असावे: कोणीही त्याला हात लावला की तेवढा भाग कारण न विचारता वगळून खेळ पुढे जातो.

चालू कॅम्पेनमध्ये होमब्रू स्पेल बदलायचा झाल्यास बदल दोन सेशनच्या मध्ये करतात, आणि ज्याने तो शिकलेला असतो त्याला त्याच पातळीचा दुसरा स्पेल विनामूल्य बदलून देतात.