बफर आणि ईएसझेड: गावातल्या पर्यटनाचा निर्णय नेमका कुठे होतो

ताडोबालगतची मोहर्ली, कोलारा, पेंचलगतची सिल्लारी, खुर्सापार, पांढरकवड्याच्या बाजूची टिपेश्वरलगतची गावं. वाघ पाहायला येणारी गाडी जिथे जिथे थांबते, तिथल्या पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "बफर लागलं म्हनते, आता घर बी बांदू देनार नाई." यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बफर एका कायद्याचा आणि ईएसझेड, म्हणजे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, दुसऱ्याच कायद्याचा. टिपेश्वरच्या लोकांनी तर बफरची काळजी करायचंच कारण नाही. ते अभयारण्य आहे, व्याघ्रप्रकल्प नाही, आणि कायद्यातला बफर फक्त व्याघ्रप्रकल्पाला असतो.

बफर येतो १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातून. २००६ च्या दुरुस्तीनं व्याघ्रप्रकल्पाचे दोन भाग सांगितले. आत कोअर, जिथे वाघाला माणसाचा त्रास नको. त्याभोवती बफर, जिथे माणूस आणि जंगली जनावर दोघांनाही राहायचं आहे. स्थानिकांच्या उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क मान्य करून सहजीवन साधायचं, हे कायद्यानं बफरबद्दल स्वच्छ लिहून ठेवलंय. हद्द ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत करायची अटही तिथेच आहे. बफर जाहीर करतं राज्य सरकार. ताडोबाचा बफर २०१० मध्ये झाला, सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचा. आतला कोअर जेमतेम ६२५ चौरस किलोमीटर आहे.

बफर लागला म्हणून वावर सरकारजमा होत नाही, सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, धान-कापूस-तूर पेरायला कोणाला विचारावं लागत नाही. खाणीसारख्या प्रकल्पांना मात्र राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आडवं येऊ शकतं, आणि यायलाच हवं.

पर्यटनाच्या अंगानं बफरला महत्त्व आलं ते २०१२ नंतर. त्या वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली, पण कोअरचा फार तर २० टक्के भाग पर्यटकांसाठी, ही मर्यादा घालून. कोअरमध्ये नवं पर्यटन-बांधकामही नको, असं ठरलं. मग ओघ बफरकडे वळवणं हे धोरणच झालं. ताडोबाची अगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा, मदनापूर ही बफरची गेटं. गाईड गावातला, जिप्सी पुष्कळदा गावातल्याच कोणाची. गावाची ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असते, तिला सगळे ईडीसीच म्हणतात. प्रवेशशुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जमा होतो, ही सोयही २००६ च्या दुरुस्तीतली. थोडक्यात, बफरच्या कागदातून गावाला मिळतो तो रोजगार आणि थोडाफार निधी. तो दिसतो, हातात पडतो, म्हणून गावाची सगळी भांडणं आणि सगळी आशा गेटभोवतीच फिरते.

ईएसझेडचं घराणंच निराळं. तो येतो १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्यातून. कोकणकिनाऱ्यावर भरतीरेषेजवळ बांधकाम रोखणारा सीआरझेड याच कायद्याखालचा. ईएसझेडला वाघ लागतोच असंही नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरण संवेदनशील जाहीर झाले, ते डोंगर, झाडी आणि वाढत्या हॉटेलांमुळे. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांभोवतीचे ईएसझेड नंतर एकेक करून आले. ते राज्य नव्हे, केंद्राचं पर्यावरण मंत्रालय जाहीर करतं. आधी मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी ६० दिवस मिळतात, मग अंतिम अधिसूचना. साठ दिवस निघून जातात आणि गावात दवंडी झालेली नसते. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे: ज्या कागदावर गावाच्या जमिनीचं पुढचं ठरतं, तो कागद गावात मराठीत वाचून दाखवणं सक्तीचं असायला हवं.

कारण बांधकामाचे नियम याच कागदात असतात. अधिसूचनांचा साचा बराचसा ठरलेला आहे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत, किंवा ईएसझेडची हद्द त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवं व्यावसायिक हॉटेल किंवा रिसॉर्ट नाही. निसर्ग पर्यटनासाठी छोट्या तात्पुरत्या रचना चालतात. त्यापलीकडे जे काही होईल ते पर्यटन आराखड्याप्रमाणे. व्यापारी खाणकाम आणि प्रदूषण करणारे कारखाने बंद. शेती चालू. गावकऱ्याला स्वतःच्या जागेत स्वतःसाठी घर बांधता येतं, त्याला नियम आहेत, बंदी नाही. म्हणजे पारावरचं ते वाक्य बफरबद्दल खोटं आहेच, ईएसझेडबद्दलही अर्धंच खरं.

साच्यातलं आणखी एक कलम प्रत्येक ग्रामपंचायतीनं पाठ करावं असं आहे. ईएसझेडमधली शेतजमीन व्यापारी किंवा औद्योगिक कामासाठी अकृषक करता येत नाही. पण स्थानिकांच्या गरजेसाठी, अधिसूचनेनंच नेमलेल्या देखरेख समितीच्या शिफारशीनं, काही सवलती ठेवलेल्या आहेत: राहती घरं, रस्तारुंदी, ग्रामोद्योग आणि निसर्ग पर्यटनाला पूरक सोयी. त्या पूरक सोयींत होमस्टेचं नाव आहे. आदिवासींच्या जमिनीसाठी वेगळं संरक्षण आहे, वनहक्क कायद्याचा उल्लेख आहे. बाहेरच्या माणसाचं पन्नास खोल्यांचं रिसॉर्ट आणि गावातल्या बाईनं चालवलेल्या दोन खोल्या, या दोहोंत अधिसूचना फरक करते आणि कौल दुसरीला देते. तरी आपल्याकडे होमस्टेवालाच घाबरून बसतो, आणि गेटच्या रस्त्यालगतची वावरं हातोहात विकली जातात.

दोन्हींची गल्लत व्हायला एक खरं कारण आहे. व्याघ्रप्रकल्पाभोवती बफर आणि ईएसझेड पुष्कळ ठिकाणी एकाच जमिनीवर पडतात, म्हणून एकाच गावाला दोन्ही लागू होतात. पण हद्दी सरसकट एक नसतात. वनहक्क कायद्याखाली मिळालेला सामूहिक वनहक्क दोन्हींमुळे रद्द होत नाही. मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण यांचा प्रश्न आला की आधी तो दाखला पुढे करायचा.

आता नियोजनाचा प्रश्न. अंतिम अधिसूचनेनंतर राज्य सरकारनं दोन वर्षांत क्षेत्रीय आराखडा, म्हणजे ईएसझेडमधल्या जमिनीच्या वापराचं नियोजन, करायचा असतो आणि पर्यटन आराखडा हा त्याचाच भाग. तो स्थानिक लोकांशी चर्चा करून करायचा, असं अधिसूचनाच सांगते. गावाचा जोर लागायला हवा तो इथे. गाईडची नोकरी हवीच, ईडीसीचा हिशेब मागायलाच हवा. पण कुठल्या रस्त्याला किती खोल्या, त्यांचं सांडपाणी कुठे, उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्यावर पोहण्याच्या तलावाला पाणी कुठून, रात्री वाजणाऱ्या गाण्यांना किती वाजता थांबवायचं, गुरं चारायला जाण्याची वाट कुंपणानं अडली तर काय, यातलं काहीच गेटवर ठरत नाही. ते आराखड्यात ठरतं. तो होईपर्यंत देखरेख समिती एकेक प्रस्ताव तपासते. समितीचे अध्यक्ष बहुधा जिल्हाधिकारी असतात. बहुतेक अधिसूचनांत तिच्यावर ग्रामसभेसाठी वेगळी जागा नसते. म्हणून ग्रामसभेचा ठराव लेखी जाणं फार महत्त्वाचं. ठरावात नुसतं "पर्यटनाला पाठिंबा" किंवा "विरोध" असं लिहून भागत नाही. गावात किती खोल्या पेलतील, पाण्याची सोय काय आणि कोणते गट नंबर चराईसाठी मोकळे ठेवायचे, हे आकड्यांत असावं.

आपलं गाव नेमकं कशात आहे, हे पाहायला दलालाकडे जाऊ नका. ईएसझेडच्या अधिसूचनेला गावांची यादी आणि नकाशा जोडलेला असतो, हद्दीचे अक्षांश-रेखांश असतात, आणि ती राजपत्रात हिंदी-इंग्रजीत मिळते. बफरची अधिसूचना क्षेत्र संचालकांच्या कार्यालयात मिळते. आपला गट नंबर हद्दीच्या आत की बाहेर, याबद्दल शंका असेल तर वनविभाग आणि तहसील, दोघांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. वावराचा सौदा त्यानंतर.