ट्रान्झिस्टरची ओळख आणि चाचणी

क्रमांक पुसलेल्या किंवा जुन्या सर्किटमधून काढलेल्या ट्रान्झिस्टरचा प्रकार, त्याचे पाय आणि तो चालू आहे की नाही हे साध्या मल्टीमीटरने शोधून काढण्याची ही पद्धत दुरुस्ती करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहे.

बायपोलर ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. आत दोन पीएन जोड (डायोडसारखे एकाच दिशेने करंट जाऊ देणारे) असतात आणि बेस दोन्हींत सामायिक असतो. डिजिटल मीटर डायोड मोडवर ठेवून तिन्ही पायांच्या जोड्या उलटसुलट तपासायच्या. ज्या पायापासून उरलेल्या दोन्हींकडे रीडिंग मिळते तो बेस. त्या वेळी बेसवर लाल प्रोब असेल तर एनपीएन, काळा असेल तर पीएनपी. काट्याच्या बहुतेक मीटरांत ओहम रेंजवर ध्रुव उलटे असतात, त्यामुळे निष्कर्षही उलटा धरावा. रीडिंग ०.६ ते ०.७ व्होल्ट असेल तर सिलिकॉन, ०.२ ते ०.३ असेल तर जर्मेनियम.

एमिटर आणि कलेक्टर वेगळे करणे हे खरे नाजूक काम. बेस-एमिटरचे रीडिंग सहसा काही मिलिव्होल्टने जास्त येते, उदाहरणार्थ, ०.६९२ आणि ०.६८७. पण जोडाचे व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. म्हणजे ट्रान्झिस्टर चिमटीत धरून ठेवला तर बोटांच्या उबेनेच हा फरक पुसला जातो. तो टेबलावर ठेवून, थंड होऊ देऊन मोजावा. शंका उरलीच तर मीटरवरचे एचएफई सॉकेट (गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते मोजणारे) कामाला येते: पाय बरोबर लागले की बीसी ५४७बी २०० ते ४५० च्या आसपास गेन दाखवतो, एमिटर-कलेक्टर उलटले की आकडा एकदम खाली येतो.

पायांचा क्रम पाठ करून भागत नाही. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. तशाच दिसणाऱ्या जपानी सी९४५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. आपल्याकडच्या कॉलेज प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या एसएल १०० च्या धातूच्या टोपीला कान असतो. त्याच्या जवळचा पाय एमिटर, आणि कलेक्टर टोपीलाच जोडलेला.

चांगला ट्रान्झिस्टर घाईने फेकून दिला जातो, हे जास्त खटकते. जुन्या टीव्हीतल्या बीयू ५०८डी मध्ये बेस-एमिटरला आतूनच कमी ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून तो शॉर्ट झाल्यासारखा वाटतो. कलेक्टर-एमिटरमध्येही डायोड असतो, त्यामुळे तिथेही रीडिंग मिळते. मॉसफेट या वेगळ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या ड्रेन आणि सोर्स या पायांमधला डायोडही असाच गोंधळ घालतो.

जर्मेनियमच्या एसी १२८ सारख्या जातीत आधी बेस मोकळा ठेवून कलेक्टर-एमिटरमधला लीकेज करंट मोजावा आणि तो वजा करूनच गेन काढावा. नाहीतर गळका ट्रान्झिस्टर उत्तम गेनचा म्हणून निवडला जातो.