नातवंडाच्या अपघाती मृत्यूची भरपाई: आजी-आजोबा कुठे बसतात?

नातू किंवा नात अपघातात गेली तर आजी-आजोबांना भरपाई मागता येते का, याचं एक उत्तर आपल्याकडे १८५५ पासून आहे. प्राणघातक अपघातांच्या त्या कायद्यात लाभ फक्त पती, पत्नी, आई-वडील आणि मुलं यांना. मात्र ‘आई-वडील’ म्हणताना त्यात आजी-आजोबाही धरले होते. इंग्लंडच्या १८४६ च्या कायद्यावरून घेतलेली ही यादी. सख्खा भाऊ तिच्यात नव्हता. विजेची तुटलेली तार अंगावर पडून कुणी गेलं तर आजही हाच कायदा काढावा लागतो.

घोळ झाला तो मोटार अपघातांत. १९३९ च्या कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली आणि मृत्यूच्या दाव्याचा हक्क ‘कायदेशीर प्रतिनिधीं’ना मिळाला. हे प्रतिनिधी कोण, हे कायद्याने सांगितलंच नाही. काही उच्च न्यायालयं म्हणाली, १८५५ चीच यादी चालेल. काहींनी दिवाणी प्रक्रिया संहिता उघडली. तिथे मृताच्या मिळकतीचं प्रतिनिधित्व करणारा तर येतोच, तिच्यात परभारे हात घालणाराही येतो. एकाच नात्याचा दावा एका राज्यात टिकायचा, दुसऱ्या राज्यात पहिल्याच तारखेला अडायचा.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी यादी बाजूला ठेवली. प्रकरण भावांचं होतं. भारतीय घरात भाऊ, बहिणी, पुतणे, कधी सांभाळलेली मुलंही एकत्र राहतात आणि मिळवत्यावर अवलंबून असतात, तेव्हा ज्याला झळ बसली त्या प्रत्येक प्रतिनिधीला दाद मागता यावी, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल मोठ्या मनाचा होता, पण कमावत्या माणसाकडे बघून लिहिलेला. चौथीतल्या नातवावर कोण अवलंबून असतं?

विमा कंपन्यांचे वकील नेमकं इथेच बोट ठेवतात: आई-वडील हयात असताना आजोबांचा संबंध काय? हिंदू वारसा कायद्यात अविवाहित मुलामागे आई पहिल्या वर्गात आणि वडील दुसऱ्या वर्गाच्या अगदी वर. वडिलांचे आई-वडील त्याच वर्गात पाचव्या नोंदीत आणि आजोळचे थेट आठव्या. वारसाचा क्रम आणि दाव्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण सुनावणीत त्या सर्रास एक केल्या जातात. २०२१ मध्ये जावयाकडे राहणाऱ्या सासूला, ती वारस नसतानाही, सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनिधी मानलं. मग आई-वडिलांमागे नातवाला लहानाचं मोठं करणाऱ्या आजीला दारात अडवण्याला फारसा अर्थ उरत नाही.

दार उघडलं तरी हातात काय पडतं हा प्रश्न राहतोच. दहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात २०१३ मध्ये वार्षिक मानीव (म्हणजे प्रत्यक्ष कमाई नसताना गृहीत धरलेलं) उत्पन्न ३०,००० रुपये धरून एकूण पाच लाख दिले गेले. मूल गमावल्याच्या दुःखापोटी भरपाईत ४०,००० रुपयांची वेगळी बाब धरायची हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं, ती आई-वडिलांसाठी. गंमत म्हणजे त्याच प्रकरणात ही रक्कम वडिलांबरोबर बहिणीलाही मिळाली. आजी-आजोबांचा उल्लेख नाही.

रेल्वेचं गणित आणखी आखूड. १९८९ च्या कायद्यात आजी-आजोबा येतात, पण फक्त वडिलांकडचे, आणि तेही मृतावर पूर्णपणे अवलंबून असतील तरच. आजोळी वाढलेला पोरगा गाडीखाली गेला, तर त्याच्या नाना-नानींना या यादीत जागाच नाही. मृत्यूची भरपाई २०१७ पासून आठ लाख झाली, व्याख्येला कुणी हात लावला नाही.

मोटार कायद्यात २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक कुणाची हे न बघता पाच लाख देणारं नवं कलम आलं, पण त्यात शब्द आहे ‘कायदेशीर वारस’. नेहमीच्या दाव्याच्या कलमात अजूनही ‘प्रतिनिधी’च आहेत. शिवाय १९९४ मध्ये काढून टाकलेली, दावा दाखल करण्याची सहा महिन्यांची मुदत परत आली आहे.