दिव्यांगांसाठी शासकीय रोजगार साहाय्य (कोल्हापूर जिल्हा)

दिव्यांग व्यक्तीला नोकरी किंवा धंदा मिळावा आणि मिळालेला टिकावा, यासाठी सरकारी तिजोरीतून केलेली तजवीज म्हणजे शासकीय रोजगार साहाय्य. नोकरीतील आरक्षण, मोफत प्रशिक्षण, अनुदानित कर्मशाळा, स्वयंरोजगारासाठी बीजभांडवल, सवलतीचे कर्ज, स्थानिक स्वराज्य संस्थांचा राखीव निधी आणि खासगी मालकाला दिले जाणारे प्रोत्साहन असे सगळे त्यात येते. 'रोजगार साहाय्य' हा शब्द कोल्हापुरात कोणी वापरत नाही. लोक 'अपंगांच्या योजना' म्हणतात आणि प्रमाणपत्राला 'हँडिकॅपचं सर्टिफिकेट'. 'दिव्यांग' हा शब्द सरकारी कागदावर २०१५ नंतर रुळला; बोलण्यात तो अजून अर्धाच उतरला आहे.

या सगळ्याचे एक कार्यालय नाही. दिव्यांगत्वाची तपासणी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये. बीजभांडवलाचा अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. कर्ज राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे. नोकरीसाठी नावनोंदणी कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राकडे. दिव्यांगांसाठी राखलेला पाच टक्के निधी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, पण गगनबावड्याहून आलेल्या माणसाला ही दारे अजून एकेक करूनच गाठावी लागतात. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, तेवढाच आधार.

आरक्षण

कोल्हापूरला आरक्षण हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ते आरक्षण जातीच्या आधारावर होते. अपंगत्वाच्या आधारावर कायद्याने राखीव जागा यायला १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम उजाडावा लागला. त्यात सात प्रकारांची अपंगत्वे आणि ३ टक्के जागा होत्या. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने प्रकार २१ केले आणि सरकारी नोकरीतील राखीव जागा ४ टक्क्यांवर नेल्या: १ टक्का अंध व अल्पदृष्टी, १ टक्का कर्णबधिर, १ टक्का अस्थिव्यंग (यातच मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, खुजेपण, स्नायुविकार आणि आम्लहल्ल्याचे बळी येतात) आणि उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून.

राखीव जागा म्हणजे हवी ती जागा नव्हे. कोणते पद कोणाला करता येईल याची केंद्राची यादी ४ जानेवारी २०२१ रोजी निघाली. तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक पदे आहेत. जाहिरातीत पदापुढे 'ओएल', 'ओए', 'बीएल', 'एचएच', 'एलव्ही' अशी अक्षरे असतात: एक पाय, एक हात, दोन्ही पाय, श्रवणदोष, अल्पदृष्टी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारी मुले ही अक्षरे आपल्या जन्मतारखेसारखी सांगतात. हे टक्के कशाचे धरायचे, यावरही बरीच वर्षे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात, जुन्या कायद्याखालच्या ३ टक्क्यांबाबत, सांगितले की हिशेब फक्त सुनिश्चित (म्हणजे यादीत दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या) पदांवर नव्हे, तर संवर्गातील एकूण रिक्त पदांवर धरायचा.

आणखी एक तरतूद कमी लोकांना ठाऊक आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याची पायरीही उतरवता येत नाही. तो ते काम करू शकत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यायचे. तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येवरचे जादा, पद निर्माण करायचे. हे संरक्षण सरकारी आस्थापनेपुरते आहे. पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला किंवा गुऱ्हाळाच्या चरकात हात अडकलेला कामगार त्यात बसत नाही. त्याच्या वाट्याला येते ती नुकसानभरपाई, आणि कंपनी कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर त्या योजनेचे लाभ. पोलिओ गेला (भारत मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला), तरी कारखान्यांच्या आणि उसाच्या या जिल्ह्यात अपंगत्वाची कारणे संपलेली नाहीत.

टक्केवारी आणि कार्ड

प्रत्येक योजनेचे दार ४० टक्क्यांना उघडते. कायद्याच्या भाषेत हे 'लक्षणीय दिव्यांगत्व'. त्यामुळे दोन दिव्यांग माणसे पहिल्यांदा भेटली की नावानंतर लगेच 'किती टक्के?' हा प्रश्न येतो. प्रमाणपत्राबरोबर मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राला (यूडीआयडी) रंग आहेत: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० पासून पुढे निळा. ही टक्केवारी डॉक्टर अवयवाची मोजतात, कामाची नव्हे. उजव्या हाताची तीन बोटे गेलेल्या चांदी कारागिराचा हुपरीतला धंदा पूर्ण बुडू शकतो आणि कागदावर तो ४० च्या खाली राहू शकतो.

बनावट प्रमाणपत्रे ही या व्यवस्थेची जुनी खोड. २०२४ मध्ये राज्यात गाजलेल्या अशाच एका प्रकरणानंतर आणि विशेषतः २०२५ मध्ये शासनाने दिव्यांग कोट्यातील कर्मचाऱ्यांची फेरपडताळणी सुरू केली. खोट्यांना चाप बसला हे बरेच झाले. पण पोलिओने लुळा पडलेला पाय घेऊन वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्यांनाही पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागले.

प्रशिक्षण आणि कर्मशाळा

जिल्ह्यातल्या अनेकांचे प्रशिक्षण जिल्ह्याबाहेर होते. मिरजेच्या शासकीय प्रौढ दिव्यांग प्रशिक्षण केंद्रात संगणकाचे आणि मोटार रिवाइंडिंगचे अभ्यासक्रम राहण्याजेवणासह मोफत चालतात. रिवाइंडिंग हे कोल्हापूर-सांगली पट्ट्यासाठी शहाणपणाने निवडलेले काम आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावात पाणीपुरवठ्याच्या मोटारी आहेत, त्या उन्हाळ्यात जळतात, आणि तांब्याची तार गुंडाळायला पाय लागत नाहीत.

बौद्धिक दिव्यांगांची गोष्ट निराळी. अठरा वर्षांनंतर विशेष शाळा सुटते आणि पुढचा मुक्काम बहुधा कर्मशाळा असतो. तिथे वाती, गेजवस्त्रे, कागदी पिशव्या, फायली, मेणबत्त्या, दिवाळीत पणत्या आणि उटणे असा माल तयार होतो. मोजता न येणाऱ्या मुलासाठी पुठ्ठ्यावर पंचवीस चौकोन आखून देतात. प्रत्येक चौकोनात एक वात ठेवायची. चौकोन भरले की पुडी बांधायची. आकडा कळत नाही, तरी पुडीत वाती बरोबर पंचवीसच निघतात. पुठ्ठा रद्दीतला, खर्च शून्य. जगभर ज्याला रोजगार साहाय्य म्हणतात त्याचा गाभा हाच: माणूस बदलत बसायचे नाही, काम त्याच्या बेताने बसवायचे.

अनुदानाचे गणित मात्र वेगळ्या टोकाने मांडलेले आहे. अनुदानित कर्मशाळेला पैसे मिळतात ते मंजूर प्रशिक्षणार्थींच्या संख्येवर आणि मंजूर कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी. तिथून किती जण बाहेर कामाला लागले, वर्षभरानंतर किती टिकले, यावर अनुदान ठरत नाही. त्यामुळे पटावरचे नाव पटावरच राहणे कोणालाच गैरसोयीचे नसते. आईवडिलांनाही नाही, कारण मूल दिवसभर सुरक्षित असते.

स्वयंरोजगार

सरकारची खरी भिस्त स्वयंरोजगारावर आहे. नव्वदच्या दशकात एसटीडी-पीसीओ बूथ प्राधान्याने अपंगांना दिले गेले. मोबाइल आला आणि बूथ गेले. आज त्या जागी झेरॉक्स, स्टॉल, पिठाची गिरणी आणि फिरते दुकान आले आहे.

बीजभांडवल योजनेत १,५०,००० रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाला ८० टक्के कर्ज बँकेने द्यायचे आणि २० टक्के, कमाल ३०,००० रुपये, अनुदान शासनाने. कागदावर सोपे दिसते. भुदरगडातल्या गावात गिरणी घालायची असे धरू. शाहूपुरीतल्या मशिनरीच्या दुकानातून कोटेशन आणायचे, ग्रामपंचायतीची ना हरकत घ्यायची, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला काढायचा, महावितरणकडे थ्री फेजची जोडणी मागायची. समाजकल्याणची शिफारस झाली की प्रकरण बँकेत जाते. बँक सिबिल बघते, जामीनदार मागते आणि जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचारते. जमीन बहुधा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. तेवढ्यात कोटेशनची मुदत संपते आणि मोटारीचा भाव वाढलेला असतो. अनुदानाचे ३०,००० तयार असले तरी बँकेच्या १,२०,००० वाचून ते हलत नाहीत.

महामंडळामार्फत दिले जाणारे हरित ऊर्जेवरचे फिरते दुकान, म्हणजे बॅटरीवरची तीनचाकी, या अडचणीला वळसा घालते, कारण ते थेट मिळते. त्यात तीव्र दिव्यांगांना प्राधान्य आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची, हाही नियम आहे. पूर्वी ती ३ टक्के होती. शहरालगतच्या, एमआयडीसीचा कर मिळणाऱ्या गावात हा निधी ठसठशीत असतो. शाहूवाडीच्या वाडीवस्तीत तो वर्षअखेरीस माणशी वाटून टाकण्याइतकाच उरतो, आणि वाटलाही जातो. तेवढ्यात धंदा उभा राहत नाही.

कारखाने

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशिन शॉप यांचा पसारा आहे, इचलकरंजीत यंत्रमाग. भट्टीची धग आणि फेटलिंगची (ओतीव माल घासून साफ करण्याची) धूळ असलेली कामे कोणाही धडधाकट माणसाला नकोशी. पण तपासणी, पॅकिंग, स्टोअर, संगणकावरचे ड्रॉइंग आणि सीएनसी (संगणकाने चालणारे यंत्र) अशी बसून किंवा एका जागी करता येणारी कामे याच आवारात आहेत. सीएनसीवर लाल-पिवळा-हिरवा दिवा असतोच, त्यामुळे कर्णबधिर ऑपरेटर मशीन बघून चालवू शकतो. अडचण येते ती डोक्यावरून जाणाऱ्या क्रेनच्या भोंग्याची. त्याला एक फिरता दिवा लावला की प्रश्न मिटतो. हा दिवा कोणी लावायचा, हे कोणत्याच योजनेत लिहिलेले नाही.

केंद्राने २००८ पासून खासगी मालकासाठी एक प्रोत्साहन ठेवले आहे: दिव्यांग कामगार घेतल्यास भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विम्यातील मालकाचा हिस्सा पहिली काही वर्षे सरकार भरते. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करावे, आणि वीस किंवा अधिक माणसे असतील तर ते सविस्तर असावे, असेही नियम सांगतात. छोट्या कारखानदाराला मात्र या दोन्हींपेक्षा 'त्याला घेतला आणि काही झालं तर?' ही धास्ती मोठी वाटते. ब्रिटनमध्ये १९९४ पासून कामाच्या जागेतले बदल, दुभाषी आणि प्रवास यांसाठी सरकार पैसे देते. ऑस्ट्रेलियात नोकरी लागल्यानंतरही सोबत राहणाऱ्या सेवासंस्थांना सरकारी पैसा मिळतो. आपल्याकडचा पैसा कारखान्याच्या फाटकाशी थांबतो.

संस्था

कोल्हापुरात हे फाटकाच्या आतले काम स्वयंसेवी संस्थांनी अंगावर घेतले. सोळाव्या वर्षी कमरेखालचे चलनवलन गमावलेल्या नसीमा हुरजुक यांनी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी करता करता १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सहकाऱ्यांसह उभी केली. उचगावचे 'घरौंदा' वसतिगृह आणि शाळा तिची. कुडाळ तालुक्यातल्या मोरे येथील 'स्वप्ननगरी'त दिव्यांगांच्या हातून काजूप्रक्रिया होते. घरौंद्याचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. व्हीलचेअरवरच्या मुलीला आधी उंबरा नसलेली खोली आणि दार रुंद असलेला संडास मिळतो. शिक्षण आणि नोकरी त्यानंतर येते. सरकारी योजना हा क्रम उलटा धरतात.

पेन्शनचा पेच

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा मिळणारी रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. महिना पाच हजारांची नोकरी लागली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. शिवाय नोकरी सुटली की पेन्शन आपोआप परत सुरू होत नाही. तलाठ्यापासून पुन्हा सुरुवात. त्यामुळे 'लावलेली पेन्शन कशाला घालवायची' हा घरातल्यांचा सल्ला अडाणीपणाचा नाही, तो हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्केच काम करणारे आढळले, आणि स्त्रियांत तर सुमारे २३ टक्के. त्यामागे असे हिशेबही असतात.

तक्रार

राखीव जागा भरली नाही, कामावर भेदभाव झाला किंवा सोयी नाकारल्या, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, मात्र शेवटी ते शिफारस करतात. पुढची पायरी उच्च न्यायालयाची. तिच्यासाठी कोल्हापूरकरांना मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच, भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते. समोर सीपीआर आहे. टक्केवारीचा दाखला रस्त्याच्या एका बाजूला मिळतो, आणि त्यावरून दाद मागायची झाली तर आता रस्ता ओलांडावा लागतो.